शोभेची बाटली

बाटली भरायला तीन मिनिटं पुरत. अर्धा लिटर सलाईन घ्यायचं, त्यात जीवनसत्त्वांची एक कुपी सोडायची, की पाणी पिवळंधमक. मग वर खाकी कागदाची पिशवी चढवायची. कर्करोगाची काही खरी औषधं उजेडाने खराब होतात म्हणून ती अशीच झाकून लावतात, आणि हे त्या वॉर्डातल्या प्रत्येक नातेवाइकाला एव्हाना पाठ झालेलं असतं. पिशवीवर खाटेचा नंबर, तारीख आणि लाल पेनाने ठळक ‘डोस ४’ असं लिहिलं की झालं औषध तयार. अंगात गेलं तरी गुण नाही, नाही गेलं तरी गुण नाही. वॉर्डातले कर्मचारी तिला शोभेची बाटली म्हणत. रोग्यासमोर नव्हे हं. चहाच्या वेळी, दार लोटून.

“आज रंग जरा फिका आलाय मॅडम,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “अजून अर्धी कुपी घाला. नातेवाइकांना गडद लागतं.”

डॉक्टरणीने मुकाट्याने अर्धी कुपी आणखी घातली. या वॉर्डात तिला सात वर्षं झाली होती. पहिली शोभेची बाटली भरली त्या रात्री घरी जाऊन ती जेवली नव्हती. आता जेवण जात होतं. तिला स्वतःची खरी चीड यायची ती याचीच.

बाटली सात नंबरच्या खाटेची होती. त्या खाटेवरच्या बाईंनी अठ्ठावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती, म्हणून सगळा वॉर्ड त्यांना कंडक्टरीणबाई म्हणे. साठीच्या आसपासचं वय, डोक्यावर रुमाल, हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र पाण्याने टम्म. जीभ तेवढी शाबूत होती. शेजारच्या खाटेजवळ कुणी गर्दी केली की ह्या झोपल्या जागेवरून ओरडत, “पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा आहे!” आणि लोक खरोखर सरकत.

“आला का माझा चौथा थांबा?” बाटली बघून त्या म्हणाल्या.

“आला.”

“आठवर उतरायचंय मला. मोठे डॉक्टर म्हणालेत, आठ डोस झाले की घरी. लावा लवकर.”

डॉक्टरणीने नळी जोडली, थेंब मोजले, पिशवी सारखी केली. कंडक्टरीणबाई त्या पिशवीकडे मोठ्या कौतुकाने बघत होत्या.

“एक सांगू का? माझ्या मुलाचा चेहरा हल्ली बिनतिकिटाच्या माणसासारखा झालाय. नजर चुकवतो. मला वाटलं, काहीतरी लपवतोय मेला. पण मग ही बाटली येते. माणसं खोटं बोलतील, बाटली कशाला बोलेल?”

डॉक्टरणीने घड्याळात बघितलं. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

“इथून सुटले की घरी नाही जायची मी. तडक लेकीकडे. सहा वर्षं झाली तोंड बघितलेलं नाही. नवऱ्याचं घर सोडून दारात आली होती बॅग घेऊन, आणि मी तिला घरात घेतलं नाही. मुलगा म्हणतो, फोन लाव. मी म्हटलं, आजारी तोंडाने नाही बोलायचं. म्हणेल, मरायला टेकली तेव्हा आठवण झाली. धडधाकट जाईन, तिच्या दारात उभी राहीन, चार गोष्टी ऐकवीन आणि चार ऐकून घेईन. चूक निम्मी माझी आहे.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “निम्म्याहून थोडी जास्तच.”

मुलगा म्हणतो फोन लाव, हे त्यांचं बोलणं खोटं होतं. मुलाने तसं कधीच म्हटलं नव्हतं. आईने मुलाची लाज राखली, दुसरं काय.

मुलगा काय म्हणाला होता, ते डॉक्टरणीने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. अकरा दिवसांपूर्वी विभागप्रमुखांच्या खोलीत बैठक झाली होती. प्रमुखांना सगळे सर म्हणत. टेबलावर स्कॅनच्या फिल्म पसरल्या होत्या. एका खुर्चीवर मुलगा, टेलिफोन खात्यातला इंजिनीअर, शिकला-सवरलेला माणूस. दुसरीवर त्याचे मामा. भिंतीशी डॉक्टरीण उभी. आणि जिच्या पोटाबद्दल ही सगळी चर्चा चालली होती ती बाई बाहेर चाकाच्या खुर्चीत बसून शिपायाशी भांडत होती, की पंखा माझ्याकडे का फिरत नाही.

“औषधाचा उपयोग थांबलाय,” सर म्हणाले होते. “यकृतात पसरलंय. औषध चालू ठेवलं तर त्रासच होईल. तीन आठवडे, फार तर चार.”

मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मामांनी मात्र लगेच सूत्रं हातात घेतली. काही घरांत असा एक माणूस असतोच, दुसऱ्याच्या मरणात ज्याला अध्यक्षपद मिळतं.

“तिला यातलं अक्षर कळता कामा नये,” मामा म्हणाले. “माझी बहीण आहे, मी ओळखतो तिला. ऐकल्या ऐकल्या हाय खाईल.”

“त्यांना विचारून तर बघू, किती ऐकायचंय ते,” डॉक्टरीण म्हणाली. “आणि त्यांची मुलगी आहे ना बाहेरगावी, तिला बोलावून घ्या.”

“नको!” मुलगा एकदम ओरडला. “तिला बोलावलं तर आईला कळणारच ना! सहा वर्षं न आलेली मुलगी खाटेशी उभी दिसली की आई काय समजायचं ते समजेल. आणि औषध बंद केलंत तरी समजेल. तुम्ही काहीतरी चालू ठेवा सर. काहीही.”

सरांनी डॉक्टरणीकडे बघितलं. “बघा, लावा काहीतरी,” ते म्हणाले.

सर काही राक्षस नव्हते. त्यांच्या डाव्या भुवईवर एक जुना व्रण होता. बारा वर्षांपूर्वी त्यांनी एका तरुणाला सरळ सांगितलं होतं, की तुझ्या वडिलांसाठी आता आमच्याकडे उपाय नाही. त्याने स्टूल उचलून दाराच्या काचेवर मारलं आणि काच सरांच्या तोंडावर उडाली. पुढल्या महिन्यात वॉर्डात पहिली पिवळी बाटली टांगली गेली. तेव्हापासून काचा शाबूत आहेत. घरचे खूश, सर सुरक्षित, वॉर्ड शांत. तेरी भी चूप, मेरी भी चूप. या सगळ्यात फसवलं जाणारं माणूस तक्रार करायला मागे उरत नाही, ही त्या पद्धतीची सगळ्यात मोठी सोय. आणि याला आपल्याकडे दया म्हणतात!

चौथी बाटली निम्मी उतरली असेल, तेवढ्यात वॉर्डातला फोन वाजला. डॉक्टरणीनेच उचलला.

“सात नंबरच्या पेशंटची मुलगी बोलतेय,” पलीकडून आवाज आला. घाईचा आणि जरा रागीट. आईचाच आवाज, तीस वर्षांनी लहान. “शेजारच्या काकूंकडून कळलं आई दवाखान्यात आहे. दादाला विचारलं तर म्हणतो सुधारतेय, तू येऊन तिचं डोकं फिरवू नकोस. मला त्याच्यावर विश्वास नाही. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, इथून यायला दीड दिवस लागतो. सुट्टी मंजूर करून घेतलीय. तुम्ही डॉक्टर ना? खरं सांगा. येऊ का?”

सिस्टर औषधांच्या कपाटाआडून बघत होत्या. दारात मुलगा उभा होता. फोन कुणाचा ते त्याने ओळखलं होतं, आणि तो मान हलवून नाही, नाही म्हणत होता.

“औषध चालू आहे,” डॉक्टरीण म्हणाली. “चौथा डोस लावलाय.”

“म्हणजे लागू पडतंय?”

“लागू पडतंय म्हणूनच चालू आहे.”

“मग ठीक.” पलीकडे सुस्कारा सुटला. “मग बरी होऊ दे. तिला बरं वाटलं की येते. आजारी माणसाशी भांडता येत नाही आणि मला तर भांडायचंच आहे. थँक्यू हं मॅडम. तुमच्यामुळे जीव भांड्यात पडला.”

फोन ठेवून डॉक्टरीण हात धुवायला गेली आणि बराच वेळ धूत राहिली. इतके दिवस खोटं बोलायचं काम बाटली करत होती. आज ते तिच्या तोंडाने बोललं गेलं, तेही शब्द तोलून मापून.

संध्याकाळी घरी भाजी करपली. डॉक्टरणीचंच लक्ष नव्हतं. नवऱ्याने पहिला घास घेतला, पाण्याचा पेला अर्धा केला आणि म्हणाला, “छान झालीय.”

“काय छान झालीय?”

“भाजी.”

“करपलीय ती! कोळसा झालाय तिचा! तोंडात घालून बघ आणि मग बोल!”

“अगं, तू दमून आलीस म्हणून म्हटलं...”

“दमून आले म्हणून मला खोटं सांगायचं? मी काय लहान मूल आहे, की मरायला टेकलेय?”

नवऱ्याने पेला खाली ठेवला. गरीब बिचारा माणूस. त्याला कळेना की भाजीवरून मरणावर गाडी कशी गेली. तिने ताट पुढे सरकवलं आणि त्याला सगळं सांगितलं. बाटली, पिशवी, फोन, सगळं.

“मग सांगून टाक ना त्या बाईंना,” तो म्हणाला.

“सोपं आहे तुला! सरांनी केसपेपरवर ‘नातेवाइकांच्या सूचनेनुसार’ असं लिहून ठेवलंय. मुलगा तक्रार करेल. आणि त्या खरंच खचल्या तर?”

“आणि नाही खचल्या तर?”

सात वर्षांत तिने कुणालाच सांगून बघितलेलं नव्हतं. सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की रोगी खचतो. डोळ्यांनी कुणीच पाहिलेलं नव्हतं.

पाचवी बाटली झाली. कंडक्टरीणबाईंचे डोळे पिवळे पडू लागले, पोट आणखी वाढलं. पाठीतली कळ अशी यायची की त्या चादरीचा बोळा करून दातांत धरत. दुखण्यावरचं जोरकस औषध कपाटात होतं. पण त्याचं नाव आईला माहीत आहे, वडिलांना शेवटी तेच दिलं होतं, म्हणून मुलाने ते देऊ दिलं नाही. हेही दयेपोटीच. “औषधाचा त्रास होतोय आई, म्हणजे ते आत काम करतंय,” असं तो तिला समजवायचा, आणि ती बिचारी त्रास म्हणजे गुण समजून गोड मानून घ्यायची. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण हे लोक कोंबडं झाकून थांबले नव्हते, त्याची मान धरून बसले होते.

बैठकीला सतरा दिवस झाले त्या सकाळी ‘डोस ६’ लिहिलेली बाटली घेऊन डॉक्टरीण खाटेशी गेली. जुन्या सुईची जागा सुजली होती. नवी शीर शोधायला हवी होती. डाव्या हाताला टोचलं, शीर फुटली. मनगटाशी टोचलं, रक्त आलं नाही. उजव्या हाताच्या मागे टोचलं, सुई शिरेच्या बाजूने निसटली आणि तिथे निळं टेंगूळ आलं. चौथ्यांदा कोपराशी. पाचव्यांदा अंगठ्याच्या मुळाशी, जिथे सगळ्यात जास्त दुखतं.

कंडक्टरीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात त्यांनी मागे घेतला नाही. उलट दुसऱ्या हाताने तो धरून पुढे केला.

“टोचा, टोचा,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे नका बघू. दोनच तर राहिलेत यानंतर. मला बरं व्हायचंय, डॉक्टरीणबाई.”

डॉक्टरणीने सहावी सुई उघडली होती. ती तिने परत ट्रेमध्ये ठेवली. पायाने स्टूल ओढलं आणि खाटेला गुडघे टेकतील इतकी जवळ बसली.

“बाई, या बाटलीत औषध नाहीये.”

“म्हणजे? संपलं?”

“आधीपासूनच नव्हतं. पाणी आहे आणि जीवनसत्त्व आहे. सहाही बाटल्यांत तेच. खरं औषध सतरा दिवसांपूर्वी बंद केलं, कारण ते लागू पडत नव्हतं. मला माहीत होतं. ही बाटली मीच भरते.”

कंडक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. नंतर हळूच, अगदी कामाचा प्रश्न विचारावा तसं त्यांनी विचारलं, “राहिले किती?”

“आठवडा असेल. कदाचित कमीच.”

“मुलाला माहितेय?”

“हो.”

“माझ्या भावाला?”

“हो.”

“त्या सिस्टरला? आणि त्या मोठ्या डॉक्टरांना? सगळ्यांना?”

“हो.”

आणि मग त्या पेटल्या. डॉक्टरणीने आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या; पण इतक्या न्यायाने घातलेल्या कधीच नाही.

“सतरा दिवस चुकीच्या गाडीत बसवून ठेवलंत मला! आणि मी येडी रोज विचारतेय, माझा थांबा कधी येणार! अगं, अठ्ठावीस वर्षं मी लोकांना उतरवलंय. आंधळा बसला तर त्याला आधी सांगायची, काका, तुमचं पुढच्याला. मला सांगायला एक माणूस नाही निघाला या इमारतीत? मी लेकीला फोन केला नाही गं! बरी होऊन जाईन म्हणून थांबले. तुझ्या या पिवळ्या पाण्यासाठी थांबले!”

“चुकलं माझं.”

“तुझं चुकलं, त्याचं मी काय करू? लोणचं घालू? फोन दे आधी. आणि मग चालती हो माझ्यासमोरून.”

डॉक्टरणीने स्वतःचा फोन दिला. नंबर बाईंना पाठ होता. सहा वर्षं न लावलेला नंबर त्यांनी एकदाही न अडखळता दाबला.

“मी बोलतेय,” त्या फोनमध्ये म्हणाल्या. “आई. हे बघ, मी मरतेय. नाही, आधी ऐक. रडायला नंतर वेळ आहे, सुट्टी टाक. काय? कोण म्हणालं चौथा डोस लागू पडला म्हणून?” त्यांनी मान वळवून डॉक्टरणीकडे बघितलं, आणि ते बघणं डॉक्टरीण अजून विसरलेली नाही. “बरं. ये. तिचं मी बघते.”

त्या खचल्या नाहीत. डॉक्टरीण दारापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी परत हाक मारली आणि दुखण्यावरचं औषध मागितलं. “तेच. नवऱ्याला दिलेलं. नाव घ्यायला घाबरू नका, मी नाही मरणार नावाने.”

दुपारी मुलगा आला. आईने त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण तो खाटेपासून जो निघाला तो थेट डॉक्टरांच्या खोलीत घुसला.

“तुम्ही मारलंत तिला! लाज नाही वाटत? आमच्या आईचं काय करायचं ते आम्ही ठरवू, तुम्ही कोण?”

“मी तिची डॉक्टर. तुमची नाही.”

“मी सोडणार नाही तुम्हाला!”

“नका सोडू. पण जाऊन बसा तिच्याजवळ. तुम्ही सतरा दिवस तिच्या डोळ्यांत बघितलेलं नाही, हे तिला माहितेय.”

मग तो भिंतीला टेकला आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला, “मला वाटलं, कळलं की त्याच क्षणी जाईल ती.” वाईट माणूस नव्हता तो. घाबरट होता. जगातली अर्धी क्रूरता घाबरट माणसांच्याच हातून होते, आणि तिला नाव मायेचं पडतं.

तक्रार मात्र गेली. मामांनी लिहिली, तीन पानी. दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावून घेतलं.

“सात वर्षं शिकवलं तुम्हाला ते यासाठी?” सरांचा आवाज चढला होता. “उद्या कुणी काच फोडली तर तोंड पुढे कराल का?”

“करीन. पण सर, रोगी खचतो म्हणता ना, त्या खचल्या नाहीत. भडकल्या.”

“एका पेशंटवरून नियम ठरत नसतो!”

“मग एका काचेवरून कसा ठरला?”

सर लालबुंद झाले. त्यांनी टंकलिखित कागद तिच्यापुढे सरकवला. नातेवाइकांच्या स्पष्ट सूचनेविरुद्ध रुग्णास माहिती देऊन मानसिक धक्का पोहोचवल्याबाबत आपण पाच दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. “दोन ओळी लिहा, दिलगिरी म्हणा आणि मोकळ्या व्हा,” ते म्हणाले. हे त्यांनी तिच्या भल्यासाठीच सांगितलं. त्या इमारतीत सगळं कुणाच्या ना कुणाच्या भल्यासाठीच चाले.

मुलगी तिसऱ्या दिवशी सकाळी आली. खांद्याला बॅग, चष्मा, प्रवासाने चुरगळलेले कपडे. खाटेकडे जाण्याआधी ती डॉक्टरणीसमोर थांबली.

“फोनवर तुम्हीच होतात ना?”

“हो.”

“मंजूर झालेली सुट्टी परत केली मी. तुमच्या एका वाक्यावर.” एवढं बोलून ती पुढे गेली. कपाळावर आठ्या तशाच.

मायलेकी गळ्यात पडतील, असं वॉर्डातल्या बायकांना वाटलं होतं. दोघीजणींनी तर पदर डोळ्यांशी तयार ठेवला होता. पण पाच मिनिटांत सात नंबरवरून असा आवाज चढला की शेजारची रेडिओ ऐकणारी आजी रेडिओ बंद करून ऐकू लागली.

“दाराला साखळी लावून बोललीस माझ्याशी! साखळी! दूधवाल्यालासुद्धा दार पुरतं उघडतेस!”

“दार उघडलं असतं तर तू आत आली असतीस.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? आत आलेल्या लेकीला बाहेर काढायची ताकद नव्हती माझ्यात. म्हणून साखळी.”

“आणि वर पहाटेच्या पहिल्या गाडीची वेळ सांगितलीस!”

“वेळ बरोबर होती ना?”

“होती.”

“मग?”

क्षणभर दोघींच्या ओठांच्या कडा हलल्या. पण हसण्यावारी न्यायचं नाही, असं दोघींनी बहुधा ठरवलेलं होतं.

“त्याने हात उचलला हे सांगितलं होतं मी तुला. तू म्हणालीस, सगळीकडे असतं.”

“तुझ्या बापानेही उचलला होता. मी राहिले की नाही?”

“तू राहिलीस म्हणून मीही राहायचं?”

मग कंडक्टरीणबाई म्हणाल्या, “नाही. राहायचं नव्हतं. मलाही राहायचं नव्हतं. तू सोडून आलीस आणि मला तुझा हेवा वाटला गं. आईला लेकीचा हेवा! ते तोंड दाखवायला नको म्हणूनही साखळी.”

डॉक्टरीण पडद्याच्या अलीकडे उभी होती. जायला हवं हे तिला कळत होतं, पण पाय निघेना. सतरा दिवस आपण या बाईंचं काय चोरलं होतं ते आता तिला कळत होतं. निरोपाचे गोड शब्द वगैरे काही नव्हतं ते. हे खणखणीत, हक्काचं भांडण होतं. ते याच खाटेवर, पोट थोडं लहान आणि आवाज थोडा मोठा असताना, निवांत दोन आठवडे चालू शकलं असतं.

“अजून एक विचारायचंय,” मुलीचा आवाज उतरला होता. “माझं लग्न ठरवलंस तेव्हा तुला माहीत होतं का, तो तसला आहे ते? त्याची मावशी तुला येऊन भेटली होती. काय बोलली ती?”

“उद्या बोलू,” कंडक्टरीणबाई म्हणाल्या. “सांगते. सगळं सांगते. आता दमले. जरा टेकू दे.”

मुलीने उशी सारखी केली. आईने तिचा हात धरला आणि डोळे मिटले.

त्या उद्याला यकृताने दगा दिला. सकाळपासून बाई गुंगीत होत्या. मुलगी कानाशी वाकून हाका मारत होती, मुलगा पायाशी बसून तळवे चोळत होता. मामा एकदा येऊन डोकावून गेले. एकदा कंडक्टरीणबाईंनी डोळे उघडले आणि काहीतरी बोलल्या, पण ते लेकीला उद्देशून होतं की बसमधल्या कुणाला, ते समजलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलगा आणि मुलगी दोघं जवळ असताना, त्या गेल्या. दुखत नव्हतं, एवढं खरं.

सगळे सोपस्कार झाल्यावर मुलगी डॉक्टरांच्या खोलीत आली. तिने बसून घेतलं. शिव्या घालील म्हणून डॉक्टरीण तयार होती. घातल्या असत्या तर बरंच वाटलं असतं.

“दादा म्हणतो, निदान भेट झाली, समाधान मान,” ती म्हणाली. “सगळे तेच म्हणताहेत. तुम्ही तिला सांगितलंत म्हणून भेट झाली, ते खरंय. त्याबद्दल तुमचे आभार मानायला हवेत. मानवत नाहीत.”

“नका मानू.”

“भांडण अर्धं राहिलं आमचं. तिला माहीत होतं की नव्हतं, ते आता मला कोण सांगणार? ती सांगणार होती. ती शब्दाची पक्की होती. तिला फक्त वेळ हवा होता.” तिने चष्मा काढून पुसला, परत लावला. “तेवढे सतरा दिवस असते तर आमचं संपलं असतं हो.”

ती गेल्यावर डॉक्टरीण खुलासा लिहायला बसली. एवढ्या दिवसांत तिने तीन मसुदे केले होते. त्यात रुग्णहक्क होते, वैद्यकीय नीती होती, आणि एका मसुद्यात तर दिलगिरीही होती. तिने तिन्ही फाडले आणि नव्या कागदावर एकटाकी लिहिलं. तो खुलासा असा:

‘नातेवाइकांच्या सूचनेविरुद्ध मी रुग्णास माहिती दिली, हे खरे आहे. ती सतरा दिवस उशिरा दिली, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. तो करण्यात यावा. त्या काळात मी रुग्णास औषध म्हणून सहा वेळा पाणी तयार करून पाच वेळा लावले, सहाव्यासाठी पाच वेळा सुई टोचली, आणि तिच्या मुलीस फोनवर खोटे सांगितले. यापुढे मी अशी बाटली भरणार नाही व कोणास भरू देणार नाही. माझ्या उशिरामुळे रुग्ण व तिची मुलगी यांचे भांडण अपूर्ण राहिले. त्यास मी जबाबदार आहे.’

कागद घेऊन ती खाली आवक-जावकच्या खिडकीशी गेली. तिथल्या कारकुनाने शिक्का मारण्याआधी सवयीने तो वाचला. वाचता वाचता त्याचा हात थांबला.

“मॅडम, हे शेवटी ‘भांडण’ लिहिलंय तुम्ही,” तो अडखळत म्हणाला. “सरकारी कागदात बरं नाही दिसत. ‘संभाषण’ करून आणता का?”

“नाही,” डॉक्टरीण म्हणाली. “भांडणच होतं ते. मारा शिक्का.”